महादेवीच्या मांडीवरचं पुस्तक

"मान अजून खाली," आबा म्हणाले. "एवढी नको. डुलकी लागल्यागत दिसायलंय. वाचायलीस असं दिसू दे."

मी खिडकीशी पाटावर बसले होते. अंगात महादेवीचं हिरवं परकर-पोलकं होतं, दोन वेण्या ती घालायची तशा वर बांधलेल्या होत्या आणि पाटही तिचाच होता. मागं पाळण्यात तिचा नऊ महिन्यांचा भाऊ झोपला होता. महादेवीला जाऊन दोन महिने झाले होते, आणि तिचं चित्र काढायचं म्हणून तिच्या जागी मला बसवलं होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

आबा म्हणजे माझे वडील, धोंडीराम सुतार, पण गावात धोंडीराम पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, देवळातले गरुड-हनुमान, मिळेल ते काम करायचे. पण त्यांचा खरा जीव फोटोवरून मोठी रंगीत चित्रं काढण्यात. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन लोक यायचे आणि आबा त्या माणसाला चांगला फेटा बांधून, गालावर तेज आणून, खुर्चीत बसवून द्यायचे. आई म्हणायची, जिवंतपणी तुम्ही माणसाकडं ढुंकून बघत नाही आणि मेल्यावर त्याच्या मिशा कोरत बसता.

ही गोष्ट हरिपूरची, सांगलीच्या अंगाला लागून असलेल्या गावाची. सांगलीच्या पेठेतली हळद तेव्हा आमच्या गावातल्या पेवांत साठवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. वरून माती लिंपून बंद केलं की आत कीडसुद्धा जगत नाही, कारण आत हवाच नसते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. पेव उघडं ठेवून माणसं भाकरी खायला जायची आणि मग पुन्हा कंदील सोडून बघायची. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

महादेवीलाही ठाऊक होतं. तरी दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ती घरामागच्या उघड्या पेवात सापडली. खेळता खेळता पाय घसरला, असं तिच्या आईनं सांगितलं. गाव हळहळलं आणि आपापल्या फराळाला लागलं.

तिचे वडील मल्लाप्पा शेटे हळदीचे व्यापारी. त्यांच्या घरात पोरींचे फोटो काढायची पद्धत नव्हती, त्यामुळं फोटो होता तो एकच, ती गेल्यावरचा. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, फुलांनी सजवतात, आणि बसलेल्या माणसालाच मातीत देतात. तेवढ्या वेळात सांगलीहून फोटोग्राफर आणला होता. फोटोत महादेवी मांडी घालून बसली होती, मान थोडी पुढं झुकलेली, मांडीत फुलांची रास, डोळे मिटलेले. शेट्यांनी आबांना एवढंच सांगितलं होतं, फुलं काढा, विभूती काढा आणि पोरगी जित्ती करा.

आबांनी फोटो घरात आणून भिंतीला लावला आणि तीन दिवस नुसते त्याच्याकडं बघत बसले.

"डोळं न्हाईत हिला," ते आईला म्हणाले. "मी उघडलं तर ते माझ्या मनाचं हुतील, तिचं न्हाईत." मग माझ्याकडं वळले. "शालन, तुझ्या शाळंत हुती न्हवं ही? कसं हुतं गं हिचं डोळं?"

महादेवीचे डोळे घारे होते. उजवा जरा बारीक होता, आणि वाचताना अवघड शब्द आला की तो आणखी बारीक व्हायचा. मला ते झोपेतही सांगता आलं असतं.

"मला काय म्हाईत?" मी म्हणाले.

खोटं बोलायला कारण होतं. महादेवी तिसरीपर्यंत माझ्या शेजारी बसायची. मग तिला भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटली. पण आमची गाठ सुटली नव्हती. शेट्यांच्या घरामागं पेवांच्या मातीचे ढीग होते, त्यांच्या आड आम्ही भेटायचो. ती बाळाला कडेवर घेऊन यायची आणि आल्या आल्या ते माझ्या हातात द्यायची. मी बाळ जोजवायची आणि ती वाचायची. माझी शाळेची पुस्तकं, वाण्याच्या पुड्यांचे कागद, काहीही. तिच्या आईला ते खपत नसे. पोरीच्या जातीला हे वेड लागलं तर बाळ पडेल कुठंतरी, असं तिचं म्हणणं.

चौथीच्या तिमाहीत मी पहिली आले आणि मला बक्षीस मिळालं, गोष्टींचं पुस्तक. निळा पुठ्ठा, वर शिडाचं जहाज. आतल्या पानावर हेडबाईंनी बोरूनं काळ्याभोर शाईत माझं नाव लिहिलं होतं. महादेवीनं ते दोन दिवसांसाठी मागितलं आणि तीन आठवडे ठेवलं. वर ती पानांचे कोपरे दुमडायची. वाचता वाचता बाळ रडलं की कोपरा मुडपून उठायची सवय होती तिला. मला ते बघवायचं नाही. दिवाळीत माझा मामा येणार होता, त्याला मला बक्षीस मिरवून दाखवायचं होतं. मी तिला बजावलं, उद्या सकाळी पुस्तक आणून दिलं नाहीस तर तुझ्या आईला जाऊन सगळं सांगेन. ती म्हणाली, थोडंच उरलंय. मी म्हणाले, ते मला सांगू नकोस.

त्याच दुपारी ती पेवात सापडली, आणि माझं पुस्तक त्या घरात कुठंतरी राहिलं. ते कुणाच्या हाती लागलं असतं तर चोरून पुस्तक पुरवणारी पोर कोण, हे पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. बाकी कशाचा विचार तेव्हा माझ्या मनात नव्हता. निदान मी तसं स्वतःला सांगत होते. शेट्यांकडं कुणी पुस्तकाचा विषय काढला की काय, हे कान देऊन ऐकत मी दोन महिने काढले.

आबांनी फोटो आणला त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी उंबऱ्यात बसून भूगोल पाठ करत होते. आबा एकाएकी म्हणाले, "हलू नको." आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग मांडीवर थाप मारून आईला हाक मारली.

"खाली बघणाऱ्याचं डोळं मिटल्यालंच दिसत्यात. मान तशीच हाय, बसणं तसंच हाय. मांडीवरची फुलं तेवढी काढायची आन् तिथं पुस्तक ठेवायचं. झाली पोरगी जित्ती."

इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. फोटोत हात फुलांखाली गेले होते, म्हणून हात, मान, परकराच्या चुण्या बघायला कुणीतरी बसायला हवं होतं, आणि उजेड त्याच घरातला, त्याच खिडकीचा हवा होता. आई कडाडली. मेलेल्या पोरीचे कपडे माझ्या पोरीच्या अंगावर चढवणार नाही म्हणाली. आबा नेहमीप्रमाणं ऐकून न ऐकल्यासारखं करून कुंचले धुवायला गेले. खरं तर मी रडून भोकाड पसरलं असतं तर सुटले असते. पण मीच हट्ट धरला. पुस्तक शोधायला त्या घरात शिरायची दुसरी वाट नव्हती. आईनं मग रोज दिवेलागणीला मीठमिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढायचा नेम केला, आणि मिरच्या ठसकल्या नाहीत की तिचा चेहरा उतरायचा.

नाताळची सुट्टी होती. दुपारचं जेवण झालं की आबा आणि मी शेट्यांच्या घरी जायचो. शेटे पेठेत गेलेले असायचे. त्या माजघरात इतकी शांतता असे की पाळण्याच्या कड्या कुरकुरल्या तरी आबा चमकून बघायचे. सगळ्याला हळदीचा वास होता, भिंतींना, पाटाला, माझ्या अंगातल्या पोलक्याला. पहिल्या दिवशी शेटेकाकूंनी माझी वेणी घातली. कुंकू लावायला हनुवटी धरली आणि माझ्याकडं न बघताच सोडली. काकू तेव्हा तिशीच्याही नसतील, पण चालताना भिंतीचा आधार घ्यायच्या.

आबांचा एक नियम होता, पुरं झाल्याशिवाय चित्र कुणाला दाखवायचं नाही. ते निघताना त्यावर चादर टाकायचे आणि काकू त्या चादरीला हात लावत नसत. आत काय चाललंय, हे काकूंना माहीत नव्हतं. पोर बसलीय, हातात काहीतरी दिलंय, एवढंच त्या दारातून बघायच्या आणि लगेच चुलीकडं वळायच्या. आबांनी माझ्या हातात दिली होती तीही पाट्यांची मापं टिपायची जुनी वही.

मी मान खाली घालून बसायची आणि डोळे कोपऱ्यांतून फिरवायची. फडताळ, वळचण, पाळण्याखालचं गाठोडं, धान्याच्या कणग्या. आबा आतबाहेर करायला गेले की उठून हात घालून बघायची. पुस्तक कुठंच नव्हतं. हाताला लागायचे ते तिचे सागरगोटे, तिची पाटी, पाटीवर अर्धवट पुसलेला बाराखडीचा एक तुकडा. दर वेळी वाटायचं, ती पाळण्यापलीकडून बघतेय आणि म्हणतेय, थोडंच उरलंय.

चौथ्या दिवशी बाळ जागं होऊन रडायला लागलं. काकू परसात होत्या. मला कळायच्या आत मी वही टाकली, त्याला उचललं आणि खांद्याशी धरून पाठीवर दोन बोटांनी थोपटलं, त्याला लागायचं तसं. ते लगेच गप्प झालं आणि माझी वेणी चोखायला लागलं. वर बघितलं तर काकू दारात उभ्या.

"तुझी वळख हाय व्हय गं त्याला?" त्या म्हणाल्या.

"न्हाई," मी म्हणाले. "रडायला लागलं म्हणून घेतलं."

त्यांनी बाळ घेतलं. ते परत रडायला लागलं.

सातव्या दिवशी चित्र पुरं झालं. आबांनी काकूंना हाक मारली, चादर काढली आणि बाजूला झाले. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा धड बघितलं. खिडकीतून दुपार आत आली होती. पाळणा होता, भिंतीजवळची समई होती, आणि पाटावर महादेवी वाचत बसली होती. हात माझे होते, मान माझी होती, पण ती तीच होती. ओठ किंचित उघडे, ती अक्षर लावताना उघडायची तसे. आबांनी ते कुठून आणलं, मला आजही कळलेलं नाही. अवघड शब्द संपला की ती वर बघणार, असं वाटत होतं.

काकू खाली बसल्या.  पदराचा बोळा तोंडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. आबांना वाटलं, चित्र साधलं. ते हसू दाबत कुंचला पुसत होते.

"पुस्तक कुणी सांगितलं तुमाला?" काकूंनी विचारलं.

आबांनी भाबडेपणानं सगळी युक्ती सांगितली. मिटलेले डोळे, खाली घातलेली मान, मांडीवरची फुलं. सांगताना त्यांना आपल्याच हुशारीचं कौतुक वाटत होतं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "दुसरं कायबी द्या हातात. पुस्तक नको."

गिऱ्हाईकापुढं आबांचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक पुसलं. आधी मांडीवर बाहुली काढली, ती त्यांनाच आवडली नाही. सुपातले तांदूळ निवडतेय असं केलं, तर मान जुळेना. शेवटी त्यांनी ओंजळभर अबोलीची फुलं काढली. गजरा करायला बसलेली मुलगी, म्हणाले, हे शोभेल. चार वाजता ते कुंचला ठेवून मागं सरले आणि तसेच उभे राहिले. मी पाटावरून उठून बघितलं.

मांडीत फुलं होती. मान झुकलेली होती. डोळे मिटलेले होते. खिडकी, पाळणा, समई सगळं तसंच होतं आणि मधोमध तो फोटो बसला होता, जिवंत माणसाच्या रंगात.  आबा म्हणजे आयुष्यभर मेलेल्यांत वावरलेला माणूस, पण त्या दिवशी भ्याला. ते चादर शोधायला लागले, तोवर काकू आल्याच.

त्या रडल्या नाहीत. पुढं येऊन त्यांनी ओल्या रंगावर, महादेवीच्या पापणीवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"घाला परत," त्या म्हणाल्या. "पुस्तक घाला परत. तेवढंच हाय तिला जित्तं ठेवणारं."

आबांकडचं टर्पेंटाइन संपलं होतं. मी येतो एवढ्यात घेऊन, म्हणाले आणि चपला न घालताच घराकडं गेले. मी उठायला लागले तशी काकूंनी मला हातानं बसवलं. आत गेल्या. कणगीच्या तळातून कसलंतरी बोचकं काढल्याचा आवाज झाला. शेवटच्या कणगीत मी कोपरापर्यंत हात घातला होता. तळाला माझा हात पोचला नव्हता.

त्यांनी माझ्यासमोर बसून फडकं सोडलं. पुठ्ठा निळा राहिला नव्हता. हळद त्याच्या कापडात, शिवणीत, पानांच्या कडांत शिरली होती. जहाजाचं शीडही पिवळं झालं होतं.

"तुला वाचता येतंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मला येत न्हाई. मोठ्या मानसाला दावलं तर कुठनं आलं म्हणून इचारतील. तू ल्हान हाईस म्हणून तुला दावते."

मग त्यांनी खालच्या आवाजात, थांबत थांबत सांगितलं. त्या दिवशी हमालांनी पेव उघडलं, कंदील सोडला, तो विझला. ते जेवायला गेले. काकू परसातून आत आल्या तर बाळ पाळण्यातून अर्धं बाहेर लोंबकळत होतं आणि पोरगी त्याच्या दुपट्यात पुस्तक लपवून वाचत होती. त्यांचं डोकं फिरलं. हातातून पुस्तक ओढलं आणि तसंच जाऊन पेवात टाकलं.

"ती रडली न्हाई. एवढंच म्हणाली, अव्वा, ते दुसऱ्याचं हाय, उद्या सकाळी द्यायचंच हाय. म्या म्हटलं, मग जा, आण जा." काकूंनी फडक्याची घडी घातली. "रागानं म्हटलं गं. बाळाला घेऊन आत आले. ती खरंच उतरंल असं कुठं वाटलं? तिला ठावं हुतं की कंदील इझलाय."

मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. खाली चित्रातल्यासारखी मान घालून बसले.

"आंघोळ घालताना सापडलं. परकराच्या नेफ्यात खवून ठेवलं हुतं. म्हंजी तिला गावलं हुतं बघ अंधारात. वर यायलाच लागली असंल." त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "पयल्या पानावर नाव असतंय म्हणत्यात, ज्याचं असंल त्याचं. वाच. तिला परत द्यायचं हुतं. मला तेवढं तरी करू दे."

हेडबाईंची शाई चांगली होती. हळदीनं पान पिवळं केलं होतं, त्यावर ती अक्षरं आणखी काळी दिसत होती. कुमारी शालन धोंडीराम सुतार, इयत्ता चौथी, पहिला क्रमांक.

उद्या सकाळी. ते माझे शब्द होते. ती आईच्या धाकानं उतरली नव्हती, पुस्तकाच्या वेडानंही नाही. मी तिला उद्या सकाळपर्यंतची मुदत दिली होती म्हणून ती उतरली होती. नाव वाचायला मला क्षणही लागला नसता, आणि त्या बाईला तेवढंच हवं होतं. तिला कुणावर खापर फोडायचं नव्हतं. पुस्तक द्यायचं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा दारातून आबा कुठल्याही क्षणी येतील, एवढंच दिसत होतं.

"काय लिवलंय?" काकूंनी विचारलं.

"कायबी न्हाई," मी म्हणाले. "कोरं हाय."

त्यांनी त्या काळ्या ओळीवरून बोट फिरवलं. लिहिलेलं आहे हे न शिकलेल्या माणसालाही दिसतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग पुस्तक मिटलं, फडक्यात बांधलं आणि आत नेऊन ठेवलं. आबा आले. संध्याकाळपर्यंत महादेवीच्या मांडीवर पुस्तक परत आलं.

पुढं मी त्या घराची पायरी चढले नाही. चित्र मात्र रस्त्यावरून, त्यांचं दार उघडं असलं की दिसायचं, म्हणून मी शाळेला लांबून वळसा घालून जायची. माझ्या लग्नात काकू आल्या होत्या. ओटी भरून झाल्यावर गालाला हात लावून म्हणाल्या, "वाचत जा हं." सगळ्या हसल्या. मी तोवर शिक्षिका झालेली होते, मला कुणी असं सांगावं याचंच त्यांना हसू आलं. माझ्या हातातला नारळ सुटून पडला, तो थकव्यानं असं सगळ्यांना वाटलं.

चौतीस वर्षं मी शिकवलं. मुलांना मुकाट्यानं वाचायला लावायचा तास मला कधी घेता आला नाही. एखादं पोर मान खाली घालून वाचत बसलेलं दिसलं की मी हाक मारून त्याला वर बघायला लावायची. पोरांना वाटायचं, बाई तिरसट आहेत. मी त्यांचे डोळे बघत असे.

काकू गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात बसवराज माझ्या घरी आला. बसवराज म्हणजे पाळण्यातलं ते बाळ. डोक्याला टक्कल पडलेला, भला माणूस, बापाची पेढी चालवणारा. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. फडकं बदललेलं होतं, वास तोच होता.

"अव्वानं सांगितलं हुतं, मी गेल्यावर हे शालनला नेऊन दे म्हणून. मी म्हटलं, जित्तेपणीच दे की. तर म्हणाली, नको, ती घाबरंल."

मी विचारलं, त्यांना कसं कळलं माझं आहे म्हणून.

"मी पहिलीत गेलो तवा अव्वा माझ्यासंगं पाटी घेऊन बसायची, अक्काच्या चित्राखाली. आधी माझं नाव शिकली, मग अक्काचं. मग हे काढलं आन् ह्यातलं पहिलं पान लावलं." तो हसला. "मग रोज थोडं थोडं वाचायची, मोठ्यानं. सुरवातीपासनं न्हाई. अक्कानं जिथं कोपरा दुमडला हुता, तिथनं पुढं. मला वाटायचं मलाच वाचून दाखवतीया, पण तोंड चित्राकडं असायचं."

बसवराज पहिलीत गेला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. म्हणजे बाजारात माझ्या पिशवीत जास्तीची चार वांगी टाकताना, आई गेली तेव्हा भाकरी घेऊन येताना, लग्नात ओटी भरताना, प्रत्येक वेळी काकूंना माहीत होतं. उजेडात उभं राहून त्या मला बघत होत्या आणि मी सांगायची वाट बघत होत्या. मी मेले तरी बरं, असं मला वाटलं, आणि मग वाटलं की हेही सोपंच झालं.

"एक इचारायला सांगितलंय," बसवराज म्हणाला. "ती म्हणायची, तवा हळद लागून अक्षरं पुसट झाली असतील, म्हणून पोरीला वाचता आलं नसंल. आता तरी दिसतंय का, ते बघायला सांग तिला."

मी पुस्तक उघडलं. कागद ठिसूळ झाला होता. हेडबाईंची ओळ होती तशीच होती, काळीभोर. तिच्या खाली शिसपेन्सिलीनं आणखी एक ओळ होती. मोठी, एकमेकांना न भेटणारी अक्षरं, पहिलीतल्या पोराची असावीत तशी.

बसवराज वाट बघत होता.

"दिसतंय," मी म्हणाले, आणि वाचून दाखवलं. "कुमारी शालन धोंडीराम सुतार."

खालची ओळ मला वाचवेना. पुस्तक त्याच्याकडं वळवलं, तशी ती त्यानं वाचली. "महादेवीनं परत केलं."